यंत्राने व्याकरण चालवलं, त्याची गोष्ट

"अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा" हा प्रश्न ज्यांनी शाळेत सोडवला आहे, त्यांना पार्सिंग म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. "पुढील वाक्यांचे पृथक्करण करा" हा ज्यांनी सोडवला आहे, त्यांना तर नकोच नको. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधेयविस्तार, विधेय असे रकाने आखायचे आणि वाक्य फोडून त्यांत मांडायचं. मी आयुष्यभर फळ्यावर हे रकाने आखले आणि मुलांनी आयुष्यभर त्यांचा कंटाळा केला. इंग्रजीत याच कामाला पार्सिंग म्हणतात, आणि संगणकाकडून ते करून घेणाऱ्या प्रोग्रामला पार्सर. गेली साठ-सत्तर वर्षं जगातली भलीभली डोकी या पृथक्करणापायी झिजली आहेत, हे वाचलं तेव्हा मला (खोटं कशाला सांगू) थोडा सूड उगवल्यासारखा आनंद झाला.

तर मंडळी, आज त्या इतिहासाबद्दल.

आधी अडचण काय आहे ते पाहू. "मी बाजारातून येताना रमाला पाहिलं." बाजारातून कोण येत होतं? मी की रमा? वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. आपण मागचंपुढचं बघून ठरवतो आणि आपण काही ठरवलं हे आपल्या लक्षातही येत नाही. इंग्रजीत अशी ठिकाणं पावलोपावली. "आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप" यात दुर्बीण बघणाऱ्याच्या हातात की ज्याला बघितलं त्याच्या हातात? मराठीत आपण "दुर्बिणीने पाहिलं" किंवा "दुर्बीणवाला माणूस पाहिला" म्हणतो, प्रत्ययच सोक्षमोक्ष लावतो. इंग्रजीला ती सोय नाही.

माणसाला जे दिसतही नाही ते यंत्राला सगळं दिसतं, हीच मोठी पंचाईत. १९६३ च्या सुमारास हार्वर्डमध्ये कुनो आणि ओटिंजर यांनी आपल्या यंत्राला "टाइम फ्लाइज लाइक अ‍ॅन अ‍ॅरो" हे वाक्य दिलं. काळ बाणासारखा उडतो, एवढं साधं. यंत्राने त्यातून "बाणासारख्या माश्यांचा वेळ मोजा" आणि "टाइम नावाच्या माश्यांना बाण आवडतो" असले अर्थही काढले, आणि व्याकरणाने बघाल तर एकही चूक नाही! पुढे १९८२ मध्ये केनेथ चर्च आणि रमेश पाटील (नाव वाचून कान टवकारले) यांनी याचं गणितच मांडलं. "टेबलावर", "खोक्यात" असे तुकडे इंग्रजी वाक्यात एकेक वाढवत गेलं की अर्थांची संख्या २, ५, १४, ४२, १३२ अशी फुगत जाते. वर्तमानपत्रातलं तीस-चाळीस शब्दांचं वाक्य घेतलं तर व्याकरणाच्या नियमांत बसणारी हजारो पृथक्करणं निघतात. त्यातलं माणसाच्या मनातलं कुठलं, हे नियम सांगत नाहीत.

या गोष्टीत अगदी सुरुवातीला एक पुणेकर आहे, हे मला फार उशिरा कळलं. अरविंद जोशी. जन्म पुण्याचा, १९२९ चा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५० मध्ये पदवी घेतली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले आणि मग अमेरिकेला गेले. तिथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झेलिग हॅरिस नावाचे भाषाशास्त्रज्ञ होते, नोम चॉम्स्कींचे गुरू. त्यांच्या हाताखाली जून १९५८ ते जुलै १९५९ या काळात एक पार्सर तयार झाला. यंत्र युनिव्हॅक, खोलीएवढं, आणि त्याची स्मरणशक्ती बारा हजार अक्षरांची. म्हणजे हा माझा लेख त्यात जेमतेम मावला असता. त्या चमूत जोशी होते, लीला ग्लाइटमन होत्या, नेओमी सेगर होत्या, आणि आइन्स्टाइनच्या सहायक राहिलेल्या गणिती ब्रुरिया कॉफमनही होत्या. एकूण चमूत बायका बऱ्याच, हे मला सुखावून गेलं. पुढे जवळजवळ चार दशकांनी जोशींनी जुन्या कागदपत्रांवरून तोच पार्सर नव्या संगणकावर पुन्हा उभा केला.

जोशी शेवटपर्यंत पेनसिल्व्हेनियातच राहिले. १९७५ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर वाक्यरचनेची एक नवीन पद्धत मांडली. आपल्याकडच्या माणसाला ती चटकन कळते, कारण ती कलम बांधण्यासारखी आहे. प्रत्येक शब्दाचं आपलं एक छोटं झाड, आणि एका झाडाच्या मधोमध काप घेऊन दुसरं झाड बसवायचं. लांबलचक वाक्यं अशी कलमं करत करत तयार होतात. १९८२ मध्ये त्यांनी मराठी आणि इंग्रजी मिसळून बोलणाऱ्यांच्या वाक्यांवरही निबंध लिहिला. आपण मराठी वाक्यात "टेबलवर" म्हणतो, पण "ऑन टेबल ठेव" म्हणत नाही. शब्द परका चालतो, प्रत्यय मात्र घरचाच लागतो. आपण ज्याला भेसळ म्हणून नाकं मुरडतो, तिलाही नियम आहेत हे त्यांनी यंत्राला कळेल अशा भाषेत मांडलं. मराठी वाक्यं त्या काळच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अशी वाचली गेली, आणि इथे आपल्याला पत्ताही नाही. जोशी ३१ डिसेंबर २०१७ रोजी गेले. इथल्या किती वर्तमानपत्रांत त्यांच्यावर चार ओळी आल्या असतील, कोण जाणे.

असो. मूळ मुद्द्याकडे येते.

१९८० पर्यंतची रीत अशी होती, की जाणकारांनी बसून व्याकरणाचे नियम लिहायचे आणि यंत्रात भरायचे. एका वाक्यावर अडलं की नवा नियम. तो नियम दुसऱ्या तीन वाक्यांना आडवा. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) ज्यांनी चाळलं आहे, त्यांना नियम, अपवाद आणि अपवादांचे अपवाद हा प्रकार काय असतो ते ठाऊक आहे. दामल्यांचा वाचक माणूस होता. जिथे नियम संपतो तिथे तो स्वतःची अक्कल घालत असे. यंत्राकडे घालायला काहीच नव्हतं.

त्याच सुमारास आयबीएम कंपनीत फ्रेडरिक जेलिनेक यांचा गट बोललेलं ओळखणाऱ्या यंत्रावर काम करत होता. हे मूळचे चेक, आणि गणिताची माणसं. त्यांनी व्याकरण बाजूला ठेवून नुसती मोजदाद सुरू केली. कुठला शब्द कुठल्यानंतर किती वेळा येतो, बस्स. गटातून एक भाषाशास्त्रज्ञ कमी झाला की यंत्राचे गुण वाढतात, अशा अर्थाचं जेलिनेक काहीतरी बोलल्याची कथा या क्षेत्रात अजून सांगतात. २००४ मध्ये मात्र त्यांनी आपल्या एका भाषणाला "माझे काही जवळचे मित्र भाषाशास्त्रज्ञ आहेत" अशा अर्थाचं शीर्षक दिलं. माझं मत विचाराल तर पहिली गोष्ट गाजली आणि दुसरी खरी ठरली. कारण मोजायचं म्हटलं तरी काय मोजायचं? शब्द मोजता येतात, ते कागदावर दिसतात. कर्ता आणि कर्म कागदावर दिसत नाहीत. ते आधी कोणीतरी दाखवून द्यावे लागतात.

ते दाखवण्याचं काम १९८९ मध्ये पुन्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातच सुरू झालं. मिचेल मार्कस हे त्याचे प्रमुख. नाव पेन ट्रीबँक. 'ट्री' म्हणजे वाक्याचं झाड आणि 'बँक' म्हणजे पेढी. वाक्यवृक्षांची पेढी म्हणा ना! वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्रातले १९८९ चे सुमारे दहा लाख शब्दांचे मजकूर घेतले आणि वाक्यामागून वाक्य, माणसांनी त्यांचं पृथक्करण केलं. शब्दांच्या जाती तर एकूण पंचेचाळीस लाख शब्दांना लावल्या.

काम कसं चाललं त्याचं वर्णन १९९३ च्या निबंधात आहे, आणि मला सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत वाचनीय वाटला. आधी एक जुना, नियमांवरचा पार्सर वाक्य कच्चं फोडून देई. मग पृथक्करण करणारी व्यक्ती पडद्यावर त्यातल्या चुका दुरुस्त करी. थोडक्यात, वही तपासणं! तीन आठवड्यांच्या सरावानंतर तासाला सुमारे ३७५ शब्द, सहा आठवड्यांनी ४७५. रचना थोडी सोपी केल्यावर आणि तीन-चार महिन्यांचा हात बसल्यावर सुमारे ७५०. रोज तीनच तास काम, कारण त्याहून जास्त वेळ हे करत बसलं की मेंदू आंबतो. (वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका ज्यांनी तपासल्या आहेत, त्यांनी मान डोलावली असेल.) पाच माणसं, अर्धवेळ, रोज तीन तास, तर वर्षाला पंचवीस लाख शब्द होतील असा त्यांनी हिशेब मांडला होता.

शब्दांच्या जाती लावण्याच्या कामात त्यांनी एक प्रयोगही करून पाहिला. कोऱ्या कागदापासून सुरुवात केली तर वेळ दुप्पट लागतो, आणि दोन माणसांची उत्तरं एकमेकांशी न जुळण्याचं प्रमाणही जवळजवळ दुप्पट होतं. यंत्राचं कच्चं उत्तर दुरुस्त केलं तर दोन्ही कमी. आणि उत्तरं जुळावीत म्हणून नियमांची जी पुस्तिका १९९५ मध्ये निघाली, ती तीनशेहून अधिक पानांची! बोर्डाच्या परीक्षेत मॉडरेटरच्या बैठकीला बसलेल्या कुणालाही हे अगदी ओळखीचं वाटेल. "या वाक्यात हे कर्म धरायचं की विधानपूरक?" यावर तास तास चालणारा वाद, आणि शेवटी "काहीही धरा, पण सगळ्यांनी सारखंच धरा."

त्या पेढीतलं पहिलंच वाक्य पिअर व्हिंकन नावाच्या एकसष्ट वर्षांच्या गृहस्थांबद्दल आहे. ते नोव्हेंबरात एका मंडळावर संचालक म्हणून रुजू होणार आहेत. जगातला जवळजवळ प्रत्येक इंग्रजी पार्सर व्हिंकनसाहेबांच्या त्या पेढीवर शिकला आहे. ज्यांनी ते वाक्य फोडलं त्यांची नावं मात्र कोणी विचारत नाही.

वह्या तयार झाल्या आणि पुढची दहा वर्षं गाडी भरधाव सुटली. १९९६ मध्ये युजीन चार्नियाक यांनी त्या सोडवलेल्या वाक्यांतून नुसते नियम उतरवून काढले. ते दहा हजारांहून अधिक भरले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकेकदाच वापरलेले. कुठल्या व्याकरणकाराची हे छापायची छाती झाली असती? पण कुठला नियम किती वेळा येतो ही मोजणी जोडली, आणि शंभरात ऐंशीच्या आसपास गुण मिळाले. डेव्हिड मॅगरमन यांनी १९९५ मध्येच ८४ च्या जवळपास मजल मारली होती.

मग मायकेल कॉलिन्स. हेही पेनसिल्व्हेनियाचेच विद्यार्थी, मार्कस यांच्या हाताखालचे, प्रबंध १९९९ चा. त्यांनी यंत्राला नुसती झाडाची आकृती न मोजता त्या फांदीवरचा मुख्य शब्दही मोजायला लावला. "पाहणे" आणि "दुर्बीण" यांचं सख्य किती, "माणूस" आणि "दुर्बीण" यांचं किती? दोन्ही मोजा, जे जास्त तिकडे फांदी जोडा. गुण ८८. चार्नियाक यांनी २००० मध्ये ९० ओलांडले.

मला स्वतःला सर्वांत आवडलेली युक्ती मार्क जॉन्सन यांची, १९९८ ची. झाडातल्या प्रत्येक फांदीच्या नावापुढे ती ज्या फांदीतून फुटली तिचंही नाव लिहायचं. बस्स, इतकंच. कर्त्याच्या जागी आलेलं नाम आणि कर्माच्या जागी आलेलं नाम यांची वागणूक वेगळी असते, ती बापाच्या नावावरून कळते. खेड्यात म्हातारी माणसं वाटेत पोराला थांबवून "कोणाचा रे तू?" विचारतात, आणि उत्तरावरून पोराचं सगळं ओळखतात, तसंच हे. २००३ मध्ये डॅन क्लाइन आणि ख्रिस मॅनिंग यांनी याच धर्तीच्या युक्त्या वापरून, शब्दांच्या सख्याचा हिशेब जवळजवळ न मांडता, ८६ गुण मिळवून दाखवले.

आता शिक्षिका म्हणून एक तक्रार. हे सगळे गुण कुठल्या परीक्षेतले? त्या पेढीचे पंचवीस भाग आहेत, ०० ते २४ असे क्रमांक असलेले. रिवाज असा पडला की भाग २ ते २१ वर शिकवायचं आणि भाग २३ वर परीक्षा घ्यायची. भाग २३ मध्ये सुमारे चोवीसशे वाक्यं. तीच वाक्यं, वीस-पंचवीस वर्षं! एकच प्रश्नपत्रिका इतकी वर्षं दिली तर कुठलाही वर्ग ९५ वर जाईल. यंत्राने ती आधी पाहिलेली नसते हे खरं, पण शिकवणाऱ्यांनी पाहिलेली असते. कुठली युक्ती चालली आणि कुठली नाही हे त्याच पत्रिकेवरून ठरतं. २००१ मध्ये डॅनिएल गिल्डी यांनी अशाच यंत्राला वॉल स्ट्रीट जर्नलवर शिकवून ब्राऊन विद्यापीठाच्या संग्रहातलं निराळ्या तऱ्हेचं इंग्रजी दिलं. गुण पाच-सहांनी घसरले. शेअर बाजाराची भाषा शिकलेला पोरगा गोष्टीच्या पुस्तकात अडखळला.

इंग्रजीचं एवढं पुराण झालं, पण इंग्रजीत शब्दांची जागा पक्की असते. मराठीत "रामाने आंबा खाल्ला" आणि "आंबा रामाने खाल्ला" दोन्ही चालतं. अशा भाषांना फांद्यांच्या झाडापेक्षा दुसरी पद्धत बरी पडते. क्रियापद मध्ये धरायचं आणि बाकीचे शब्द त्याला कोणत्या नात्याने बांधले आहेत ते दाखवायचं. अहो, म्हणजे आपलं कारकच! आयआयटी कानपूरला विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी पाणिनीच्या कारक-कल्पनेवर संगणकाचं व्याकरण उभं केलं. १९९५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यावर पहिलं नाव 'अक्षर भारती' असं आहे. ही कोणी व्यक्ती नव्हे, गटाचं मिळून घेतलेलं नाव आहे. युरोपात प्रागच्या लोकांनी चेक भाषेसाठी अशीच मोठी पेढी उघडली. स्वीडनमध्ये योआकिम निव्हरे यांनी २००३ पासून असा पार्सर बांधला की जो वाक्य डावीकडून उजवीकडे वाचत जातो आणि प्रत्येक पावलाला एकच ठरवतो, हा शब्द हातात धरून ठेवू की मागच्याशी बांधून टाकू? काय ठरवायचं हे तो सोडवलेल्या वाक्यांवरून शिकतो. २००६ मध्ये तेरा भाषांची एकत्र परीक्षा झाली.

त्या तेरांत आपण नव्हतो. डिसेंबर २०१२ मध्ये या विद्येची मोठी आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत, आयआयटीत भरली. त्यात पार्सरची स्पर्धाही होती. भाषा हिंदी. हिंदीचा मला राग नाही. हिंदीवाल्यांनी वर्षानुवर्षं बसून वाक्यं सोडवली, म्हणून स्पर्धा त्यांच्या भाषेची झाली. आज 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' नावाच्या जागतिक संग्रहात हिंदीच्या मोठ्या पेढीत सोळा हजारांवर वाक्यं आहेत. त्याच संग्रहात २०१७ पासून मराठीची पेढी आहे, बरीचशी विकीस्रोतवरच्या गोष्टींवर बेतलेली. वाक्यं ४६६.

चारशे सहासष्ट. आठ कोटींहून अधिक लोकांची भाषा, २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळालेली. ज्यांनी ती ४६६ सोडवली त्यांना माझा नमस्कार, कारण शून्याच्या पुढे त्यांनी आपल्याला नेलं.

यावर नव्या पिढीचं उत्तर मला माहीत आहे, "आता त्याची गरजच काय?" २०१४ नंतर न्यूरल नेटवर्कचे पार्सर आले. २०१६ मध्ये गूगलने आपला पार्सर सर्वांना खुला केला आणि त्याचं नाव चक्क 'पार्सी मॅकपार्सफेस' ठेवलं. २०१८ पर्यंत इंग्रजीचे गुण ९५ वर गेले. त्याच वर्षी 'बर्ट' नावाचं मॉडेल आलं, ज्याला कोणी व्याकरण शिकवलंच नव्हतं. त्याचा मुख्य अभ्यास म्हणजे मजकुरातले काही शब्द झाकायचे आणि ओळखायला लावायचे. "गाळलेल्या जागा भरा" हो, दुसरं काय! आणि आजची गप्पा मारणारी यंत्रं तर पुढचा शब्द ओळखता ओळखताच मोठी झाली आहेत. रकाने आखतंय कोण?

पण २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉन ह्यूइट आणि मॅनिंग यांनी या बर्टच्या आत डोकावून पाहिलं. शब्दाशब्दांमधली जी अंतरं त्याच्या पोटात आकड्यांच्या रूपाने होती, त्यांच्यावरून वाक्याचं झाड बऱ्यापैकी काढता येत होतं. गाळलेल्या जागा भरता भरता पोरगं पृथक्करण शिकलं होतं! हे वाचून मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. आणि मग मनात आलं, ते झाड बरोबर आहे हे यांनी ठरवलं कशावरून? तर त्याच पेन ट्रीबँकवरून. तासाला साडेसातशे शब्दांच्या वेगाने, रोज तीन तास बसून, कोणी कोणी सोडवून ठेवलेल्या वह्यांवरून.

मराठी लिहिणारी यंत्रं आता आहेत, चांगली लिहितात, माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध लिहितात. त्यांना "येताना रमाला पाहिलं" यातलं कोण येत होतं ते कळतं का, कर्मणी आणि भावे प्रयोगांत क्रियापद कुणामागे जातं की कुणामागेच जात नाही, हे त्यांनी आतून धरलं आहे की नुसतं कानाने, ते तपासायला आपल्याकडे उत्तरपत्रिका ४६६ वाक्यांची. त्यात भावे प्रयोग असून असून किती असणार?

त्या पेढीतली वाक्यं नेटवर कुणालाही उघडून पाहता येतात. मी एकेक घेऊन आधी कागदावर माझ्या पद्धतीने सोडवते आणि मग त्यांच्याशी ताडून पाहते. रकाने वेगळे, नावं वेगळी, पण महिनाभरात हात बसेल असं वाटतं. आपल्यापैकी ज्यांना प्रयोग आणि विभक्ती अजून पाठ आहेत त्यांनी करून पाहा. रोज तीन तास मला तरी जमतील.